पोटाचा अंदाज

माणसाला उचलायचं नसतं, त्याच्यासमोर उभं राहून आपण मागे रेलायचं असतं, हे मधुसूदन तांबवेकरांना वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं. त्यांच्या पत्नीला, उज्ज्वलाताईंना, त्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि डावं अंग कायमचं गेलं. व्यायामोपचाराच्या बाईंनी घरी येऊन शिकवलं, "त्यांचे गुडघे तुमच्या गुडघ्यांत धरा. कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी पकडा. आणि मागच्या खुर्चीत बसायला निघाल्यासारखे मागे झुका. तुम्ही खाली जाल तशा त्या वर येतील."

मधुसूदनरावांना हे चटकन समजलं. कराडच्या एका शाळेत चौतीस वर्षं ते प्रयोगशाळा सहायक होते. तरफ, टेकू, वजनं सगळं टेबलावर मांडून ठेवायचं आणि शिक्षक आत आले की मागच्या भिंतीला जाऊन उभं राहायचं, एवढंच त्यांचं काम. मुलांपुढे बोलायचं धाडस त्यांना कधी झालं नाही. पण तरफ त्यांना कळत होती, आणि ही तरफच होती. एका टोकाला एकशे बारा किलोंचे ते, दुसऱ्या टोकाला अडुसष्ट किलोंच्या उज्ज्वलाताई.

"आयुष्यभर या पोटाला नावं ठेवली हो मी," त्या म्हणायच्या. "आता तेच माझी लिफ्ट झालंय."

दिवसातून सहा वेळा ही लिफ्ट चालायची. पलंगावरून चाकाच्या खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, तिथून परत. पाच वर्षं चालली. मग मधुसूदनरावांचे गुडघे बोलायला लागले. फोटो काढला तर दोन हाडांमधली कूर्चा जवळजवळ संपलेली. एवढ्या वजनावर शस्त्रक्रिया नको, असं सर्जन म्हणाले. आणि केली असती तरी पुढचे तीन महिने उज्ज्वलाताईंना कोण उचलणार होतं? बाया ठेवून पाहिल्या, एकही महिन्यावर टिकली नाही. उचलण्याचं यंत्र आणून पाहिलं. खोलीत पलंग ठेवला तर यंत्र मावेना, यंत्र ठेवलं तर पलंग.

त्यांची एकुलती मुलगी ऋतुजा बंगळुरूला होती. तिच्या घराजवळ एक सुश्रूषा सदन होतं.

"बाबा, आईला इथे ठेवू. मी रोज जाईन. एक दिवस तुम्ही कोसळाल आणि दोघंही जाल."

ती चुकीचं बोलत नव्हती. मधुसूदनरावांनी फोन पलंगाकडे धरला. उज्ज्वलाताई म्हणाल्या, "तिथे मराठीत कण्हलेलं कळेल का गं कुणाला?"

फोन ठेवल्यावर मात्र त्या बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

गावात वजन कमी करण्याच्या एका नव्या औषधाची चाचणी सुरू होतेय, हे मधुसूदनरावांनी वाचनालयात पेपर वाचताना पाहिलं. स्थूल माणसांच्या गुडघेदुखीवर ते चालतं का, हे तपासायचं होतं. चार दिवस ते कात्रण त्यांनी खिशात बाळगलं. आपल्यासारख्याला कोण घेणार, असं त्यांना वाटत होतं. पाचव्या दिवशी धुवायला म्हणून पलंगावर टाकलेल्या सदऱ्यातून उज्ज्वलाताईंनी ते काढलं. "मुहूर्त बघताय की काय?"

चाचणीच्या डॉक्टर नाझनीन मुजावर तरुण होत्या. त्यांनी तांदळाच्या दाण्याएवढी एक नळी चिमटीत धरून दाखवली.

"ही दंडाच्या कातडीखाली बसवायची. आपण जेवतो तेव्हा आतडं मेंदूला एक रासायनिक निरोप पाठवतं, की पुरे. पण तो निरोप दोन-चार मिनिटांत विरून जातो. या दाण्यात तशाच निरोपाची नक्कल आहे, न विरणारी. रक्तातली साखर बघून दाणा स्वतःच ठरवतो, कधी किती सोडायचं."

"आणि गुडघा?"

"अंगावरचा एक किलो कमी झाला की चालताना गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो. शिवाय चरबी नुसती बसून राहत नाही, सूज वाढवणारी रसायनं सोडत असते. तीही कमी होतील. निम्म्या लोकांना मात्र रिकामा दाणा मिळेल. कुणाला कोणता, ते मलाही ठाऊक नसणार."

"मला रिकामाच मिळेल," मधुसूदनराव म्हणाले. डॉक्टर हसल्या, पण ते विनोद करत नव्हते.

डिसेंबरात दाणा बसला. तिसऱ्या आठवड्यात बाजारातून येताना ते भज्यांच्या गाड्यासमोरून पुढे निघून आले आणि घराच्या दारात आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण थांबलो नाही. कढईतून येणारा तो वास कुण्या परक्या माणसाच्या लग्नाच्या वरातीसारखा बाजूने गेला होता. दाणा रिकामा नव्हता.

रोज संध्याकाळी फोन विचारायचा, आज गुडघा किती दुखला, शून्य ते शंभर. अठ्ठ्याहत्तर, सत्तर, त्रेपन्न. मार्चमध्ये ते कठडा न धरता जिना चढले. पूर्वी दोघं एकत्र जेवायचे; ते खुर्ची पलंगाशी ओढून घ्यायचे आणि आपलं संपलं की तिच्या ताटातही बोट घालायचे. आता जेवण म्हणजे त्यांना नाहक मोडणारा अर्धा तास वाटू लागला. उज्ज्वलाताईंना ताट दिलं की तेवढ्यात ते कपडे वाळत घालून यायचे. दोन घास उभ्यानेच खायचे.

मे महिन्यात ते पडले.

सकाळची वेळ होती. पट्टा धरला, मागे रेलले, उज्ज्वलाताई निम्म्या वर आल्या आणि तिथेच अडल्या. तरफ मधोमध थांबली. मग ती उलटी फिरली. त्या पुढे झुकल्या, मधुसूदनराव सावरायला गेले, पण मांड्यांनी साथ दिली नाही. दोघं फरशीवर. वरच्या मजल्यावरचे कदम आणि त्यांचा भाऊ येईपर्यंत वीस मिनिटं ते तिचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिले.

"लागलं का?" त्यांनी दहाव्यांदा विचारलं.

"डाव्या अंगाला लागलं असेल तर मला कळणार नाही, आणि उजवं तुमच्यावर पडलं. मऊ होतं."

ते तेव्हा त्र्याण्णव किलो होते. डॉक्टर मुजावरांनी समजावलं, "वजन उतरतं तेव्हा नुसती चरबी उतरत नाही. चार किलोंतला एक तरी स्नायूंचा असतो. मांडीचे व्यायाम करा, डाळ-अंडी खा." गुडघ्याचा आकडा एकवीसवर आला होता. इतका चांगला आकडा त्या केंद्रात कुणाचाच नव्हता.

ऋतुजा दोन दिवसांसाठी आली. आईच्या दंडावरचा काळानिळा डाग पाहिला आणि म्हणाली, "दिवाळीपर्यंत बघते. आणखी एकदा पडलात तर मी विचारणार नाही, घेऊन जाईन."

मधुसूदनराव पाण्याने भरलेल्या बाटल्या पायाला बांधून व्यायाम करू लागले. जूनमध्ये उचलताना दम लागायचा. जुलैत थोडं जमायला लागलं. ऑगस्टमध्ये बरंच. सप्टेंबरमध्ये एका सकाळी उज्ज्वलाताई इतक्या सहज वर आल्या, की त्यांचा तोलच मागे गेला आणि त्या हसल्या.

"पैलवान झालात की!"

इतक्या वर्षांत स्वतःविषयी एवढं बरं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

ऑक्टोबरात दहा महिन्यांची तपासणी झाली. डॉक्टर मुजावरांनी कागद पुढे केला. वजन चौऱ्याऐंशी. गुडघेदुखी नऊ. "काका, तुमचा आलेख मी परिषदेत दाखवणार आहे. फक्त हा एक आकडा बघा. मांडीचा जोर अजून घसरतोय. मेमध्ये होता त्याच्याहीपेक्षा पंधरा टक्के कमी. व्यायाम करता ना?"

"रोज करतो."

"मग खाणं कमी पडतंय."

ते बाहेर बाकावर येऊन बसले. कागद पुन्हा वाचला. मेमध्ये वजन त्र्याण्णव होतं तेव्हा तरफ अडली. आज वजन आणखी कमी, जोर आणखी कमी, तरी उज्ज्वला पिसासारखी वर येते. त्यांना आधी वाटलं, यंत्र चुकलं असेल. मग वाटलं, आपलंच काही चुकतंय. चौतीस वर्षं मुलांच्या वह्यांत हा प्रयोग त्यांनी पाहिला होता. एका टोकाचं वजन काढून घेतल्यावरही तेच टोक खाली जात असेल, तर दुसऱ्या टोकाचं वजन त्याहून जास्त काढलं गेलेलं असतं. याला दुसरं उत्तर नाही.

ते रिक्षाने घरी आले.

"लवकर आलात?" उज्ज्वलाताई म्हणाल्या. मधुसूदनरावांनी चाचणी केंद्राने दिलेला वजनकाटा ओढला, तिच्या मानेखाली एक हात घातला, गुडघ्यांखाली दुसरा, आणि तिला उचलून काट्यावर उभे राहिले. रेलले नाहीत. उचललंच. गुडघा चकार शब्द बोलला नाही.

"अगंबाई! लग्नात राहून गेलं होतं हे."

काट्यावर एकशे तेहतीस आले. वजा चौऱ्याऐंशी. एकोणपन्नास.

त्यांनी तिला हळूच खाली ठेवलं. अंग पुसताना फासळ्या हाताला लागायच्या, हे त्यांना आठवलं. लुळं पडलेलं अंग वाळतंच, असं त्यांनी स्वतःला सांगून टाकलं होतं. माकडहाडाशी एक लाल चट्टा आला होता, त्यावर ते पावडर लावत होते.

"किती जेवतेस तू?"

"तुम्ही वाढता तेवढं."

एवढंच बोलून त्यांनी नजर फिरवली.

मधुसूदनराव स्वयंपाक शिकले होते ते या पलंगावरूनच. झटक्यानंतर त्या इथून सांगायच्या, ते ओट्याशी उभे राहून करायचे. पीठ किती घेऊ, असं विचारलं की त्या म्हणायच्या, "विचारायचं नसतं. हाताला कळतं." आणि खरंच कळायला लागलं होतं. पण हाताला सांगत कोण होतं? पोट सांगत होतं. भूक लागलेला माणूस परातीत पीठ घेतो तेव्हा त्याची मूठ त्याच्या भुकेएवढी असते. पाच भाकऱ्यांचं पीठ, भरलं पातेलं आमटी, हे सगळं त्यांच्या भुकेने मोजलेलं होतं. दाण्याने ती भूक पुसली आणि मूठ लहान झाली. पाचाच्या चार, चाराच्या तीन, आणि आता दोन, त्याही पापुद्र्यासारख्या. ताट वाढताना त्यांना प्रत्येक वेळी वाटायचं, पुष्कळ झालं.

"मागायचं नाही का गं?"

"पहिल्यांदा वाटलं, विसरलात. मागणारही होते. मग आपण पडलो." त्या छताकडे बघत म्हणाल्या, "मग वाटलं, बरंच आहे की. मी हलकी झाले तर तुम्हाला झेपेन."

"अगं, पण मागितलं असतंस तर मी दिलं असतं!"

"म्हणूनच नाही मागितलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बोलावल्यावरून डॉक्टर मुजावर घरी आल्या. त्यांनी चट्टा दाबून पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ही दाबाची जखम आहे. वर एवढीशी दिसते, आत पोकळ होत चाललीय. हाडावर मांसच उरलं नाही, कातडी हाडाखाली चिरडतेय. काकू, हे हाडात गेलं तर माझ्या हातात राहणार नाही. भरायचं तर खायला हवं. निदान दहा किलो वजन वाढायला हवं."

"म्हणजे एकोणसाठ," मधुसूदनराव म्हणाले. त्यांनी मनाशी तरफ मांडून पाहिली. चौऱ्याऐंशी, आणि या मांड्या. जमणार नव्हतं.

दोन वाक्यांत मावेल एवढं सोपं होतं ते. उज्ज्वला घरात राहायची तर उपाशी राहायला हवी. जेवायची तर घरातून जायला हवी.

दारापाशी डॉक्टर थांबल्या. "काका, आमच्या अर्जात एकशे सोळा प्रश्न आहेत. घरात आणखी कोण जेवतं, हा त्यात नाही. माझ्या लक्षातच आलं नाही." त्या रडवेल्या झाल्या होत्या. आपल्यामुळे ही मुलगी परिषदेत अडचणीत येईल, असं वाटून मधुसूदनरावांनाच ओशाळल्यासारखं झालं.

त्यांनी वाटी काढली. मोजून पीठ, मोजून डाळ, दोन अंडी. ताट पुढे ठेवून समोर बसले. उज्ज्वलाताईंनी ओठ मिटून घेतले.

"खा."

"पुन्हा जड करू नका मला."

"जखम वाढेल गं."

"वाढू दे. माझ्या घरात वाढेल."

"उज्ज्वला, मी हात जोडतो."

"मग तुम्हीही बसा," त्या एकदम म्हणाल्या. "दहा महिने मी एकटी गिळतेय. समोर कुणी नाही. तुमच्या घशाखाली जाईल तेवढंच माझ्या घशाखाली जाईल. एक घास जास्त नाही."

ते बसले. पहिला घास गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला दाण्याने आतून दार लावून घेतलं. पोटातून काहीतरी उसळून वर आलं आणि त्यांना मोरीकडे धावावं लागलं. परत आले तेव्हा उज्ज्वलाताईंनी ताट बाजूला सारलं होतं. दोन घास खाल्ले होते. मोजून दोन.

चार दिवस हेच चाललं. पाचव्या दिवशी त्यांनी केंद्रात जाऊन दंड पुढे केला.

"काढा."

"काढला तर काय होईल ते सांगते," डॉक्टर मुजावर म्हणाल्या. "भूक परत येईल, सावकाश. वजनही येईल, पण चरबीचं. गेलेले स्नायू तेवढे येणार नाहीत. गुडघा पुन्हा धरेल, पहिल्यापेक्षा लवकर."

"किती दिवसांत?"

"चार-पाच महिने बरे जातील. पुढे उचलणं नाहीच."

"तेवढ्यात तिची जखम भरेल?"

"नीट जेवल्या तर."

"काढा मग. तुमच्या आलेखाचं मात्र..."

"काका, आलेखाचं राहू द्या हो."

एक बारीक चीर, दोन टाके. स्टीलच्या ताटलीत दाणा पडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

औषध अंगातून लगेच जात नाही. त्या दिवसांत ते औषध घेतल्यासारखे जेवले. पलंगाशी खुर्ची, एकच ताट. एक घास ते, एक घास ती. त्यांना मळमळलं की दोघं थांबायचे, पाणी प्यायचे, पुन्हा सुरू करायचे. कधी दहा घास व्हायचे, कधी सोळा. भाकरी गार होऊन चिवट व्हायची. उज्ज्वलाताईंच्या डोळ्यांतून मधूनच पाणी यायचं, मग त्या म्हणायच्या, "तिखट झालीय आमटी," आणि ती कधीच तिखट नसायची. उचलताना त्या अजून हलक्याच होत्या. पण मधुसूदनरावांना आता ते सहन व्हायचं नाही. तिला खुर्चीत ठेवलं की ते क्षणभर पट्टा सोडायचे नाहीत.

दिवाळी आली तशी गेली. ऋतुजाचा रोज फोन यायचा. जखमेचं तिला सगळं सांगितलं होतं. ती तेव्हाच निघाली होती, पण उज्ज्वलाताईंनी थांबवलं होतं. "थोडी भरू दे. मग बघू."

तेविसाव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ते तिची नखं कापत होते. खोलीत गुरगुरल्यासारखा आवाज झाला.

नेलकटर थांबला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तुमचं," उज्ज्वलाताई म्हणाल्या.

"नाही गं. बाहेर काहीतरी..."

पुन्हा झालं. लांब, आतून ओढल्यासारखं. त्यांनी पोटावर हात ठेवला. आत एक पोकळी होती, तिला कड होती, आणि ती दुखत होती. अकरा महिन्यांनी घरी आलेल्या माणसाला ओळखावं तसं त्यांनी तिला ओळखलं.

"भूक लागलीय मला," ते म्हणाले.

उज्ज्वलाताईंचा चेहरा आधी फुलला. मग त्यांना पुढचं सगळं दिसलं असावं, कारण तो तसाच हळूहळू मिटला. त्यांनी नखं कापायची राहिलेली बोटं त्यांच्या गुडघ्यावर ठेवली. उजवा गुडघा. तो शांत होता. अजून.

त्या दुपारी पहिल्यांदा ताटात दोन भाकऱ्या संपल्या आणि तिसरी घेतली गेली. जेवता जेवताच मधुसूदनरावांनी बंगळुरूला फोन लावला. स्वतःहून त्यांनी कधी लावलेला नव्हता.

"बाबा? काय झालं?"

"काही नाही. तू म्हणत होतीस ते सदन. तिथे विचारून ठेव. खिडकीजवळची जागा मिळते का बघ. आणि मराठी येणारं कुणी आहे का, तेही."

"बाबा, रडताय तुम्ही?"

"नाही गं. तोंडात घास आहे." त्यांनी तो गिळला. "आताच नको येऊ. तिची जखम भरतेय. तोवर मला झेपेल. होळी झाली की ये."

उज्ज्वलाताईंनी उजव्या हाताने त्यांच्या सदऱ्याची बाही ओढली.

"होळी नको," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पाडवा म्हणा."

पंधरा दिवस. फोन कानाशी तसाच धरून त्यांनी मनाशी आपला गुडघा पंधरा दिवस पुढे नेऊन पाहिला, मांड्याही नेऊन पाहिल्या. खात्री कशाचीच नव्हती. त्या बाही सोडत नव्हत्या.

"ऋतू," ते म्हणाले, "पाडवा झाल्यावर ये."

मग त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तिच्यापुढे धरला.

"आधी तुम्ही," उज्ज्वलाताई म्हणाल्या.